‘अलाऊ’ दाबण्याआधी : ब्राउझरच्या नोटिफिकेशनमधून होणारी फसवणूक कशी ओळखावी आणि कशी थांबवावी

सोलापुरात अशोक चौकाच्या परिसरात मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवतो. गेल्या उन्हाळ्यात कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, एक अक्का तेथे आल्या. मोबाइल त्यांनी रुमालात गुंडाळून आणला होता आणि चार दिवस तो बंदच ठेवला होता. “अण्णा, ह्यात व्हायरस शिरलाय म्हणं. सारखी लाल पाटी येती, बँकेतले पैसे जाणार म्हणती,” असे त्या म्हणाल्या. एका दुकानात त्यांना ‘मोबाइल फॉरमॅट करावा लागेल, पाचशे रुपये पडतील’ असे सांगण्यात आले होते. नातवाचे सगळे फोटो त्याच मोबाइलमध्ये असल्यामुळे त्यांचे मन धजावले नव्हते. मी मोबाइल सुरू केला आणि एकामागून एक तेवीस नोटिफिकेशने उतरली. मोबाइलमध्ये व्हायरस नव्हता. क्रिकेटचा सामना फुकट पाहण्यासाठी नातवाने एक वेबसाइट उघडली होती, तिने मागितलेली परवानगी त्याने दिली होती आणि ती परवानगी काढून घ्यायला मला दोन मिनिटे लागली. त्या बाईंचे पाचशे रुपये वाचले. पण चार दिवस त्यांनी जो घोर लावून घेतला, तो अजून माझ्या मनातून जात नाही. तशी वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ही नोटिफिकेशने येतात कोठून?

पूर्वी वेबसाइट बंद केली की तिचा आपल्याशी संबंध संपत असे. एप्रिल २०१५ मध्ये क्रोम या ब्राउझरच्या (वेबसाइट उघडण्याच्या अॅपच्या) ४२व्या आवृत्तीत आणि पुढच्या वर्षी फायरफॉक्समध्ये ‘वेब पुश’ ही सोय आली आणि वेबसाइट बंद असतानाही तिला आपल्याला निरोप पाठवता येऊ लागला. आपण ‘अलाऊ’ दाबले की ब्राउझर त्या वेबसाइटचा एक छोटा प्रोग्राम आपल्याकडे ठेवून घेतो आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे क्रोमच्या बाबतीत गुगलच्या सर्व्हरवर, आपल्या ब्राउझरसाठी एक टपालपत्ता तयार होतो. तो पत्ता वेबसाइटच्या हाती पडतो. त्यानंतर तिने दिवसारात्री केव्हाही निरोप धाडला तरी तो आपल्या पडद्यावर उतरतो, मग आपण त्या वेळी भाकरी थापत असू किंवा झोपलेले असू. वर्तमानपत्रे, ईमेल, कॅलेंडर यांच्यासाठी ही सोय खरोखरच उपयोगाची आहे. अडचण अशी की हाच रस्ता लबाड माणसालाही तितकाच खुला आहे आणि परवानगी आपणच दिलेली असल्यामुळे अँटिव्हायरसला त्यात पुष्कळदा काही वावगे दिसत नाही.

हे टपालपत्ते विकले जातात, हेही समजून घ्यावे. लोकांकडून ‘अलाऊ’ दाबून घेणारे वेगळे असतात आणि त्या पत्त्यांवर जाहिराती पाठवणारे वेगळे. मधल्या जाहिरात कंपन्या दर माणसामागे किंवा दर क्लिकमागे पैसे मोजतात. एकाच वेबसाइटकडून सकाळी लॉटरी, दुपारी व्हायरस आणि रात्री विनातारण कर्ज अशी तऱ्हेतऱ्हेची नोटिफिकेशने येतात, त्याचे कारण हेच आहे.

सापळा कोठे असतो?

माझ्याकडे येणाऱ्या मोबाइलमध्ये अशा परवानग्या बहुधा चार-पाच ठिकाणांहून आलेल्या दिसतात. फुकट सिनेमा आणि क्रिकेट दाखवणाऱ्या वेबसाइट हे पहिले ठिकाण. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ संथ झाले की मुले शोधयंत्रात जे सापडेल ते उघडतात, हे दुसरे. मोहोळ-करमाळ्याकडचे शेतकरी सोलापूरच्या बाजार समितीतील आजचा कांद्याचा भाव शोधताना जाहिरातींनी भरलेल्या पानांवर जाऊन पोहोचतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे तिकीट कन्फर्म झाले का ते पाहणारे, सातबारा किंवा जातीच्या दाखल्याचा नमुना डाउनलोड करू पाहणारे, हेही याच वाटेने जातात. यांतल्या कोणी काही गैर केलेले नसते. घाईत असलेल्या माणसाला एक बटण दाबायला लावले जाते, एवढेच.

ते बटण कसे दाबायला लावतात, ते नीट पाहू. परवानगी मागणारी चौकट ब्राउझरची असते आणि तिच्यातला मजकूर ठरलेला असतो : अमुक वेबसाइटला नोटिफिकेशन दाखवायची आहेत, ‘अलाऊ’ की ‘ब्लॉक’? हा मजकूर वेबसाइटला बदलता येत नाही. म्हणून ती चौकटीच्या आजूबाजूला, स्वतःच्या पानावर, खोटे लिहिते. ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’, ‘व्हिडिओ सुरू करण्यासाठी अलाऊ दाबा’, ‘वय १८पेक्षा जास्त असल्यास अलाऊ दाबा’, ‘डाउनलोड तयार आहे, अलाऊ दाबा’ अशी वाक्ये, खाली मोठा बाण आणि फिरणारे चक्र. यांतले एकही वाक्य खरे असू शकत नाही, कारण त्या बटणाचे काम एकच आहे : नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी देणे. रोबोट नसल्याची खरी तपासणी पानाच्या आतच होते. तेथे चौकोनात टिक करावी लागते किंवा चित्रे निवडावी लागतात, आणि तिला नोटिफिकेशनच्या परवानगीची गरज कधीच पडत नाही.

अशी चौकट दिसली तर ‘ब्लॉक’ दाबावे. नुसती फुली मारून सोडल्यास तीच वेबसाइट पुन्हा विचारू शकते. काही लबाड पाने ब्लॉक दाबताच आपल्याला जवळपास त्याच नावाच्या दुसऱ्या पत्त्यावर नेतात आणि तेथे पुन्हा तीच चौकट उभी करतात. अशा वेळी उत्तरे देत बसू नये, ती टॅबच बंद करावी. जानेवारी २०२० पासून फायरफॉक्समध्ये आपण पानावर काही दाबल्याशिवाय ही चौकट उघडत नाही, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोमच्या ८०व्या आवृत्तीपासून काही वेबसाइटची विनंती गाजावाजा न करता एका लहानशा घंटेच्या खुणेत दाखवली जाते. या सुधारणा चांगल्या आहेत. तरीही ‘येथे दाबा’ असे सांगून माणसाकडून आधी एक क्लिक मिळवणे फसवणाऱ्यांना अवघड जात नाही.

आलेले नोटिफिकेशन पारखायचे कसे?

नोटिफिकेशनचे शीर्षक, मजकूर, शेजारचे चिन्ह, मोठे चित्र, खालच्या बटणांवरची अक्षरे, हे सर्व पाठवणारा ठरवतो. त्यामुळे तो व्हॉट्सअॅपचे हिरवे चिन्ह लावू शकतो, बँकेचे बोधचिन्ह लावू शकतो, सुटलेल्या कॉलसारखा देखावा करू शकतो. दोनच गोष्टी त्याच्या हातात नसतात : हे नोटिफिकेशन कोणत्या ब्राउझरमधून आले ते, आणि कोणत्या वेबसाइटकडून आले ते. अँड्रॉइडवर वरच्या बाजूला क्रोमचे नाव किंवा खूण असते आणि तिच्याजवळ बारीक अक्षरांत वेबसाइटचा पत्ता असतो. विंडोजवर उजव्या कोपऱ्यात उघडणाऱ्या चौकटीतही ब्राउझरचे नाव आणि तो पत्ता बारीक अक्षरांत असतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ही बारीक ओळ कधी वाचलेलीच नसते, आणि सगळी पारख तर तिच्यातच आहे.

बँकेचे चिन्ह आहे पण वर क्रोम लिहिले आहे, तर ते आपल्या मोबाइलमधील बँकेच्या अॅपने पाठवलेले नाही. व्हॉट्सअॅपचा संदेश क्रोमच्या नावाने आला आणि आपण व्हॉट्सअॅप ब्राउझरमधून वापरत नसू, तर तो व्हॉट्सअॅपचा नाही. व्हायरसची सूचना ज्या कंपनीच्या नावाने आली, तिचे अॅप मोबाइलमध्ये नसेल तर ती सूचना खोटी आहे, कारण ब्राउझरमधील वेबसाइटला आपला मोबाइल आतून तपासून ‘पाच व्हायरस सापडले’ असे सांगताच येत नाही. आकडा जितका नेमका, तितकी शंका अधिक घ्यावी.

वेबसाइटचा पत्ता वाचण्याचीही एक रीत आहे : तो शेवटाकडून वाचावा. ‘महाडिस्कॉम-बिल डॉट अमुकतमुक डॉट टॉप’ या पत्त्यात महावितरणच्या संकेतस्थळाचे नाव सुरुवातीला दिसत असले तरी मालकी ‘अमुकतमुक डॉट टॉप’ची आहे, पुढचे शब्द कोणालाही हवे ते लावता येतात. राज्य किंवा केंद्र सरकारची संकेतस्थळे सहसा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपतात. बँकांच्या बाबतीत आता एक चांगली खूण मिळाली आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते आणि असा पत्ता फक्त बँकांनाच दिला जातो. पत्त्यात अर्थहीन अक्षरे आणि आकडे असतील, शेवट ओळखीचा नसेल, तर मजकूर वाचण्याचीही गरज नाही.

मजकूर मात्र गरजवंताची नस ओळखून लिहिलेला असतो. लाडकी बहीण योजनेचा १,५०० रुपयांचा हप्ता अडकला आहे, केवायसी करा. पीएम किसानचे २,००० रुपये जमा व्हायचे आहेत, आधार जोडा. आज रात्री वीज तोडली जाईल. गाडीवर चलान आहे. आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या मोबाइलमध्ये हमखास दिसणारे, ‘घरबसल्या पेन पॅकिंगचे काम, महिन्याला तीस हजार’. शेवटचे पाहून माझा जीव तुटतो. हजार विड्यांच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला ते खरे वाटावे यात तिचा काय दोष? तेथे आधी नोंदणीचे पाचशे, मग साहित्याच्या वाहतुकीचे हजार, मग करार मोडल्याच्या दंडाची धमकी, अशी पायरी-पायरीने लूट होते. काम देणारा माणूस कामगाराकडूनच आधी पैसे मागतो, एवढ्यावरून तो ओळखावा.

परवानगी काढून घेणे

सर्वांत सोपी वाट नोटिफिकेशनमधूनच जाते. ते आले की त्यावर टिचकी मारू नये. खाली ओढून मोठे केले की काही वेळा ‘अनसबस्क्राइब’ किंवा ‘साइट सेटिंग्ज’ असे बटण दिसते, किंवा ते दाबून धरले की त्या वेबसाइटची नोटिफिकेशने बंद करण्याचा पर्याय येतो. येथे एक सावधगिरी हवी. नोटिफिकेशनच्या खालची काही बटणे पाठवणाऱ्यानेच बनवलेली असतात आणि त्यांवर ‘बंद करा’ असेही लिहिलेले असू शकते. त्यामुळे शंका असल्यास ते बाजूला सारावे आणि सेटिंग्जमध्ये जावे.

अँड्रॉइडवरील क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपके, त्यात सेटिंग्ज, त्यात साइट सेटिंग्ज आणि त्यात नोटिफिकेशन्स असा क्रम आहे. मोबाइलची भाषा मराठी असेल तर हेच ‘सूचना’ या नावाने दिसेल. तेथे परवानगी मिळालेल्या वेबसाइटची यादी येते. ती पाहून लोक थक्क होतात. अक्कांच्या मोबाइलमध्ये सतरा नावे होती आणि त्यांतले एकही त्यांच्या ओळखीचे नव्हते. एकेका नावावर जाऊन ब्लॉक करावे. पुढे पोलिसांकडे जाण्याची वेळ येईल असे वाटत असेल, तर काढून टाकण्याआधी त्या यादीचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा, कारण ही यादीच पुरावा आहे. त्याच पानावर सर्वांत वर एक मुख्य स्विच असतो. तो बंद केला की कोणतीही नवी वेबसाइट परवानगी मागू शकत नाही.

संगणकावरील क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स अशी वाट आहे. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये ही यादी साइट परमिशन्सखाली सापडते, तर फायरफॉक्समध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधील परमिशन्स या भागात. तेथे नव्या विनंत्या कायमच्या थांबवण्याचा चौकोनही आहे. मोबाइलमध्ये एकापेक्षा अधिक ब्राउझर असतील, तर प्रत्येकात स्वतंत्रपणे पाहावे लागते, कारण क्रोम साफ केल्याने सॅमसंगच्या ब्राउझरमधली परवानगी जात नाही. आयफोनवाल्यांना हा त्रास फारसा नसतो. तेथे मार्च २०२३ मध्ये ही सोय आली ती केवळ होम स्क्रीनवर जोडलेल्या वेबसाइटपुरती. मात्र आयफोनवर ‘व्हायरस’ची आठवण कॅलेंडरमधून येत असेल, तर कॅलेंडरमधील अनोळखी सबस्क्रिप्शन काढून टाकावे.

एवढ्याने काम भागते. मोबाइल फॉरमॅट करण्याची, नवा अँटिव्हायरस विकत घेण्याची किंवा सिम बदलण्याची, नुसत्या नोटिफिकेशनसाठी, गरज नाही.

त्यावर दाबले गेले असेल तर

नुसती टिचकी मारून पान उघडले आणि लगेच बंद केले, तर बहुधा काही बिघडत नाही. ब्राउझर अद्ययावत ठेवावा आणि त्या पानाने आणखी एखादी परवानगी मिळवली नाही ना, हे यादीत पाहावे.

संगणकावर मात्र कधी कधी पूर्ण पडदा व्यापणारे पान उघडते, भोंगा वाजतो आणि एक फोन नंबर झळकतो. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा कारखाना असलेल्या माझ्या परिचितांच्या हिशेबनिसाने असा नंबर लावला होता. पलीकडच्या माणसाने संगणकाचा पडदा त्याला दिसेल असे अॅप घ्यायला लावले, मग बँकेचे पान उघडायला सांगितले. तेवढ्यात मालक आत आले आणि त्यांनी इंटरनेटची वायर उपटली, म्हणून पगाराचे पैसे वाचले. असे पान उघडल्यास एस्केपची कळ दाबून धरावी म्हणजे पूर्ण पडदा सुटतो. न सुटल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. पुन्हा सुरू करताना जुनी पाने परत उघडू का, असे विचारले तर नको म्हणावे. त्या नंबरवर फोन करू नये.

एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अॅप बसवण्याची फाइल) उतरवून अॅप बसवले गेले असेल, तर गोष्ट गंभीर आहे, कारण असे अॅप ओटीपीचे संदेश वाचू शकते. आधी मोबाइल विमान मोडवर टाकावा, ते अॅप काढावे, आणि निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये त्याला डिव्हाइस अॅडमिन किंवा अॅक्सेसिबिलिटीची (मोबाइलवर ताबा देणारी) परवानगी दिली गेली आहे का ते पाहून ती आधी बंद करावी. बँकेला दुसऱ्या मोबाइलवरून कळवावे आणि पासवर्डही दुसऱ्याच उपकरणावरून बदलावेत. कॉल कोठे वळवले गेले असतील अशी शंका असल्यास, नंतर ##००२# हा क्रमांक इंग्रजी अंकांत डायल करावा. त्याने सर्व कॉल फॉरवर्डिंग रद्द होते. येथेच मोबाइल फॉरमॅट करण्याचा विचार योग्य ठरतो.

पैसे गेले असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा किंवा ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळवले जात असतात आणि वाटेत कोठे तरी ते गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. म्हणून घरच्यांना काय सांगू, या विचारात गेलेला एक-एक तास महाग पडतो. व्यवहाराचा यूटीआर (बँकेने दिलेला संदर्भ) क्रमांक, रक्कम, वेळ आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेवावेत. शहरात राहणाऱ्यांसाठी सोलापूर शहर पोलीस आयुक्तालयाचे सायबर पोलीस ठाणे आहे आणि तालुक्यांतील लोकांसाठी ग्रामीण पोलीस दलाचे. तरी आधी १९३० लावावा, मग ठाण्यात जावे. बँकेकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे झालेला व्यवहार, बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास, त्याचा ग्राहकावर भार पडत नाही. आणि ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन दिला असला तरी, बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. बँकेत जायला लाजणाऱ्यांनी हे दुसरे कलम अवश्य लक्षात घ्यावे. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६डीखाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. गुन्हेगार समोरचा आहे, आपण नव्हे.

घरातल्या मोठ्यांच्या मोबाइलसाठी

माझे स्पष्ट मत असे आहे की आई-वडील, सासू-सासरे आणि लहान मुले यांच्या मोबाइलमध्ये वेबसाइटच्या नोटिफिकेशनचा मुख्य स्विच सरळ बंदच करून टाकावा. प्रत्येक पत्ता पारखत बसण्याचे ओझे त्यांच्यावर टाकणे योग्य नाही; तेलुगू किंवा कन्नड घरात बोलणाऱ्या आजीला इंग्रजी बारीक अक्षरे वाचायला सांगून तर काहीच साधत नाही. त्याबरोबरच सेटिंग्जमध्ये ‘अनोळखी अॅप इन्स्टॉल करणे’ या पर्यायात क्रोम आणि व्हॉट्सअॅप दोघांनाही मनाई करावी आणि प्ले प्रोटेक्ट (प्ले स्टोअरमधील अॅप तपासणारी सोय) चालू आहे ना, ते पाहावे.

अक्कांनी तो स्विच बंद करताना मला विचारले, “मग लेकीचा मेसेज येईल ना? रेशनचा, बँकेचा?” व्हॉट्सअॅप, एसएमएस, बँकेचे अॅप, गॅसच्या नोंदणीचे संदेश, यांतले काहीही त्या स्विचमधून जात नाही. त्यांचे मार्ग निराळे आहेत आणि ते पूर्वीसारखेच चालू राहतात. त्यांच्यासमोरच मी लेकीला एक मेसेज पाठवायला सांगितला. तो आला, तेव्हा त्यांनी मोबाइल रुमालात न गुंडाळता हातातच धरला.